जीव टांगणीला लागतो तेव्हा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४५ जणांना त्यांनी कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायला बसवलं होतं. पडद्यावर दगड येणार, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखेल असा. अंदाज बरोबर आला म्हणून झटका चुकत नव्हता. शिवाय कुठल्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हेही खेळता खेळता बदलत राहायचं.

झटका बसणारच हे ठाऊक असताना माणूस सर्वात जास्त घाबरेल, असं आपल्याला वाटतं. पण घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला, तर ताण शिगेला पोचला होता तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका नक्की बसणार म्हटल्यावर माणसं त्यामानाने शांत होती. मराठीत आपण ‘जीव टांगणीला लागला’ म्हणतो तो याच अवस्थेला. खाली पडलेल्या जिवाचं काय करायचं ते निदान ठरवता येतं, टांगलेल्याचं काहीच करता येत नाही.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि जगभरच्या नोकरदारांपुढे असे दगडच दगड पसरले. पगारात कपात होणार का? माणसं कमी करणार म्हणतात, त्यात आपण आहोत का? हा खोकला साधा की तो? पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्य यांचं जगातलं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं याच संघटनेने पुढे सांगितलं. तरुणांना आणि स्त्रियांना त्याची झळ जास्त बसली.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर यात बिघाड असा काहीच नाही. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना कामाला लावते आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरतं. साखर वाढते, लक्ष धोक्यावर खिळतं. सापांच्या त्या खेळातसुद्धा ज्यांचा ताण अनिश्चिततेप्रमाणे कमी-जास्त होत होता, त्यांचेच अंदाज जास्त बरोबर आले. अडचण एवढीच की ही यंत्रणा थोड्या वेळासाठी बनली आहे आणि महासाथ महिनोन् महिने चालते. मग झोप उडते, साध्या गोष्टी विसरायला होतात. कधी चूक न करणारा सहकारी भलत्याच माणसाला भलतीच फाइल पाठवतो आणि वर चिडतो.

आता रात्री पावणेदहाला आलेला वरिष्ठांचा हा मेसेज वाचा: ‘उद्या सकाळी जरा बोलायचंय.’ चार शब्द. ते पाठवणारा झोपून जातो, घेणारा जागा राहतो. सकाळी कळतं की रजेच्या तक्त्यात एक तारीख चुकली होती. हा मेसेज मी स्वतः पाठवलेला आहे, म्हणून सांगतो: ‘उद्या ११ ला फोन करतो. रजेच्या तक्त्याबद्दल आहे, काळजीचं काही नाही’ एवढं लिहायला पंधरा सेकंदही जास्त लागत नाहीत.

बातमी वाईट असेल किंवा वरिष्ठांनाच काही माहीत नसेल, तर? तेव्हा बहुतेक कार्यालयं गप्प बसतात. नक्की ठरल्यावरच सांगू, उगाच घबराट नको, असा त्यामागे विचार असतो. हेतू चांगला असला तरी वर सांगितलेल्या प्रयोगाच्या नेमकं उलट वागणं आहे हे. ‘पगाराचं अजून ठरलेलं नाही. शुक्रवारी बैठक आहे. सोमवारी दुपारपर्यंत कळवतो; ठरलं नसेल तर ठरलं नाही हे कळवतो’ असं सांगितलं, तर अनिश्चितता संपत नाही, पण तिला कुंपण पडतं. शनिवार-रविवार निदान दर तासाला ईमेल उघडून बघावा लागत नाही. अर्थात सोमवारी खरोखर कळवायला हवं. नाही कळवलं, तर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही.

अनिश्चिततेला जोडून दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे हातात काहीच नसणं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की कामाचा रगाडा एकटा माणसाला मोडत नाही. रगाडा मोठा आणि तो कसा उपसायचा हे ठरवण्याची मुभा नाही, ही जोडी मोडते. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रसिद्ध ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने याला बळ दिलं. १९८५ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या फेरीत १०,३०८ जण होते आणि कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असल्याचं दिसलं.

महासाथीत कंपन्यांनी या बाबतीत दोन टोकं गाठली. काहींनी ‘आठ तास तुमचे तुम्ही बसवा, मुलं झोपल्यावर करा हवं तर’ असं सांगितलं. काहींनी माऊस किती वेळ हलला ते मोजणारी सॉफ्टवेअर बसवली. घरात बसलेल्या माणसाचा उरलासुरला ताबाही काढून घेतल्यावर त्याला ध्यानधारणेचं ॲप भेट देण्यात काय अर्थ, हे मला कधी कळलेलं नाही.

घरून काम करताना दिवस लांबला ही तक्रार मात्र कुरकुर नव्हती. १६ महानगरांतल्या ३१ लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या ईमेल आणि मीटिंगच्या नोंदी २०२० मध्ये तपासल्या गेल्या. टाळेबंदीनंतर कामाचा सरासरी दिवस ४८.५ मिनिटांनी वाढला होता. मीटिंग सुमारे १३ टक्क्यांनी वाढल्या. एकेक मीटिंग आधीपेक्षा आखूड झाली एवढाच काय तो दिलासा. येण्या-जाण्याचा कंटाळवाणा प्रवास मध्ये एक भिंत उभी करायचा, ती पडली. व्हिडिओ कॉलचा शीण वेगळाच. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची जी कारणं मांडली, त्यात स्वतःचाच चेहरा तासन् तास समोर असणं हे एक आहे. त्यावर उपाय सोपा आहे: पडद्यावरची आपली खिडकी लपवावी, किंवा सरळ फोनवर बोलावं.

पण घरून काम करता येणं हीच मुळात चैन होती. परिचारिका, सफाई कामगार, ड्रायव्हर, काउंटरवर बसणारी माणसं यांना ती मिळाली नाही आणि मानसिक आरोग्याच्या चर्चेत त्यांचा नंबर नेहमी शेवटी लागतो. त्यांच्याबद्दल आपल्याला २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीने आधीच बरंच शिकवलं होतं. टोरांटोमध्ये सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना साथीनंतर एक ते दोन वर्षांनी तपासलं, तेव्हाही त्यांच्यात थकवा, मानसिक त्रास आणि आघाताची लक्षणं इतर रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त होती. साथ ओसरली म्हणून आधार काढून घेता येत नाही तो यामुळे. यातून सावरायला मदत कशाने झाली? प्रशिक्षण आणि पाठबळ पुरेसं मिळालं असं ज्यांना वाटत होतं, त्यांना त्रास कमी झाला. नीट बसणारा मास्क, दोन दिवस आधी हातात पडलेला ड्युटीचा तक्ता, टेकायला एक खोली, हे सगळं मी मानसिक आरोग्याच्याच खात्यात मांडतो.

इथे एक सावधगिरी. भयंकर प्रसंगानंतर सगळ्यांना लगेच गोळा करून ‘काय वाटलं ते सविस्तर बोला’ असं एकदाच बसवण्याची पद्धत बरीच लोकप्रिय होती. उपलब्ध चाचण्यांचा २००२ मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा तिने पुढचा मानसिक आघात टळतो असं दिसलं नाही, उलट एका चाचणीत त्रास वाढलेला दिसला. बोलायची सोय असावी, सक्ती नको.

आणि ॲप, वेबिनार, लवचिक मनाचे वर्ग? ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०२४ मध्ये आला. असे वैयक्तिक कार्यक्रम घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा बरी नव्हती. त्याउलट ऑस्ट्रेलियात अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांना फक्त चार तास शिकवलं: माणूस त्रासात आहे हे कसं ओळखायचं आणि त्याच्याशी कसं बोलायचं. सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्या हाताखालच्यांच्या कामाशी संबंधित आजारपणाच्या रजा कमी झाल्या होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, खर्चलेल्या दर पौंडामागे जवळपास दहा पौंड वाचल्याचा हिशेब आहे.

चार तासांत माणूस मानसोपचारतज्ज्ञ होत नाही, व्हायचंही नसतं. उदासी आणि कशातच रस नसणं दोन आठवडे हटत नसेल, तर डॉक्टर गाठून द्यायचे. जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर त्याला एकटं न सोडता लगेच मदत आणायची. बाकीच्या वेळी नुसतं ऐकू यायला हवं. ‘कसे आहात?’ला ‘बरं चाललंय’ हे उत्तर तोंडातून आपोआप पडतं. ‘झोप लागते का?’ला तसं पडत नाही. ‘या आठवड्यातलं कुठलं काम तुमच्यावरून काढू?’ असं विचारलं, तर पलीकडे जरा शांतता पसरते.

कारण ‘मला नैराश्य आलंय’ असं वरिष्ठांना फोन करून कुणी सांगत नाही. ‘तो अहवाल गुरुवारी दिला तर चालेल का?’ असं विचारतात, मंगळवारी, तिसऱ्यांदा.