आधी घर, मग गाडी, मग पाणी : नवी मुंबईतल्या सोयींची पार्श्वभूमी

वाशी किंवा बेलापूर स्टेशनात पहिल्यांदाच उतरलेला माणूस जरा बावचळतो. दादर, कुर्ला, ठाणे इथल्या स्टेशनांची सवय असते. इथे मात्र डोक्यावर ऑफिसांच्या इमारती, खाली रुंद भुयारी मार्ग, बाहेर मोकळं आवार. वाशी स्टेशनाजवळच वाशीगाव लागतं. गावातल्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे घ्यावी लागते. ऐरोलीत, घणसोलीत, कोपरखैरण्यात, शिरवण्यात हेच चित्र आहे. आखीव सेक्टर संपला की गावठाण सुरू होतं आणि पायाखालचा रस्ताच बदलतो.

ही तफावत आपोआप आलेली नाही. हे शहर सरकारने तिजोरीतल्या पैशावर उभारलं नाही. शेतकऱ्यांकडून जमीन घ्यायची, तिथे रस्ते-गटारं करायची, भूखंड विकायचे आणि आलेल्या पैशातून पुढची सोय करायची, असा हिशेब पहिल्या दिवसापासून होता. इथली प्रत्येक सोय कधी आली आणि कुणापर्यंत पोचली, हे या हिशेबाने ठरवलं.

कल्पना मात्र त्याआधीची. १९५८ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारने स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. मुंबई बेटावर गर्दी मावेनाशी झाली होती. ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडच्या मुख्य भूमीवर वस्ती वाढवावी, अशी शिफारस या गटाने १९५९ मध्ये केली. पुढे १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने उद्योग व वस्ती यांचं नियोजनपूर्वक विकेंद्रीकरण सुचवलं. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एका नियतकालिकात खाडीपलीकडच्या जोडशहराचा आराखडा मांडला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुंबई दक्षिणोत्तर लांब पसरलेली आहे आणि रोज सकाळी सगळं शहर दक्षिणेच्या टोकाकडे धावतं. घरं कितीही उत्तरेला बांधली तरी ही धाव लांबतच जाणार. ती मोडायची तर कामाची ठिकाणंच पूर्वेला, पाण्यापलीकडे न्यायला हवीत.

१७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरलं. शिरीष पटेल सुरुवातीची काही वर्षं सिडकोत नियोजनाची धुरा सांभाळत होते. एकच मोठं शहर न करता वाशी, नेरूळ, बेलापूर अशी छोटी-छोटी उपनगरं करायची आणि प्रत्येकात शाळा, बाजार, दवाखाना, मैदान चालत जाण्याच्या अंतरावर ठेवायचं, असं ठरलं. त्यांना तेव्हा नोड म्हटलं आणि आजही लोक नोडच म्हणतात.

मूळ कल्पनेचा गाभा मात्र पहिल्याच दशकात निसटला. राज्य सरकारची मुख्य कार्यालयं इकडे आली तर त्यामागे बाकीचे येतील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उभे राहत होते. १९८१ मध्ये नवं विधानभवनही तिथेच झालं. बेलापूरला कोकण भवन आलं, पुढे रिझर्व्ह बँकेची इमारत आली, पण मंत्रालय हललं नाही. माझ्या मते नवी मुंबईच्या इतिहासातली ही सर्वांत महागडी चूक आहे. तिची किंमत इथे राहायला आलेल्या पहिल्या दोन पिढ्यांनी रोज प्रवासात मोजली.

१९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. त्याआधी मुंबईहून पनवेलला गाडीने जायचं तर ठाणे, कळवा, मुंब्रा असा वळसा होता. पुलाने अंतर तोडलं आणि सिडकोने वाशीत घरं बांधायला घेतली. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतल्या एका खोलीत वाढलेल्या कुटुंबांना इथे स्वतंत्र संडास-बाथरूमचं, परवडणारं घर मिळू लागलं. हे फार मोठं आकर्षण होतं. पण नोकरी मुंबईतच होती आणि रेल्वे मानखुर्दला संपत होती. पूल आला त्यानंतर गाडी यायला एकोणीस वर्षं गेली.

ही एकोणीस वर्षं बसवर निघाली. मुंबईकडे जाणारी बस पकडायची, नाहीतर पूल ओलांडून मानखुर्द-चेंबूरपर्यंत जायचं आणि तिथून लोकल. सिडकोने बीएमटीसी नावाची स्वतंत्र बससेवा सुरू केली होती. ती १९८०च्या दशकात बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं रेंगाळला. महापालिकेची एनएमएमटी थेट १९९६ मध्ये आली. मधल्या काळात बेस्ट, एसटी आणि नशीब यांवर लोकांनी नोकऱ्या टिकवल्या. संध्याकाळी पुलावर वाहतूक अडली की वाशीतली सगळी घरं उशिरा जेवत. त्या काळात इथे फ्लॅट घेतलेल्यांना नातेवाईक ‘जंगलात कशाला गेलात’ असं विचारत.

रेल्वे इतकी उशिरा का, याचं उत्तर पुन्हा पैशात आहे. वस्ती पुरेशी नाही म्हणून रेल्वेला मार्ग परवडत नव्हता आणि मार्ग नाही म्हणून वस्ती वाढत नव्हती. ही कोंडी फोडण्यासाठी सिडकोने खर्चाचा ६७ टक्के भाग उचलायचं कबूल केलं आणि रेल्वेने ३३ टक्के. शहर वसवणाऱ्या संस्थेने लोकलमार्गाचा दोन तृतीयांश भार घ्यावा, ही भारतात तेव्हा नवी गोष्ट होती. तो पैसा वसूल व्हावा म्हणून स्टेशनांच्या आवारात ऑफिसं आणि दुकानं बांधून विकली. वाशी, बेलापूरची ती अवाढव्य स्टेशनं अशी आली. उरलेला वाटा प्रवाशांकडून घेतला. नवी मुंबईच्या तिकिटावर आणि पासावर वर्षानुवर्षं अधिभार लागत होता. एवढ्याच अंतराला मुंबईतल्या प्रवाशापेक्षा इथल्या प्रवाशाने जास्त पैसे दिले आहेत. आपल्या स्टेशनांच्या प्रशस्तपणाचं कौतुक करताना हे लक्षात ठेवायला हवं.

९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली. पुढच्या वर्षी ती नेरूळ आणि बेलापूरपर्यंत गेली, १९९८ मध्ये पनवेलला पोचली. ज्या नोडला गाडी आली तिथे वस्ती भराभर वाढली, जिथे नाही आली तिथले भूखंड पडून राहिले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे कारखाने १९६०च्या दशकापासून होते, हजारो कामगार रोज ठाण्याहून बसने येत होते. तरी ठाणे-वाशी लोकलला २००४ साल उजाडलं. उलवे-उरणच्या बाजूला तर याहून थांबावं लागलं. खारकोपरपर्यंत गाडी २०१८ मध्ये गेली आणि उरणला १२ जानेवारी २०२४ रोजी, ज्या दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. बेलापूर ते पेंधर (तळोजा) मेट्रोची पायाभरणी २०११ मध्ये झाली आणि गाडी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी धावली. तळोजात २०१५च्या सुमारास घर घेतलेल्यांनी मेट्रोचे रिकामे खांब किती वर्षं पाहिले, ते त्यांनाच विचारा.

मंत्रालय आलं नाही, पण बाजार आला. मशीद बंदरचा कांदा-बटाटा १९८१ मध्ये तुर्भ्याला हलला. पाठोपाठ मसाले आणि धान्य आलं, तर फळं आणि भाजीपाला १९९६ मध्ये. व्यापारी खुशीने आले नाहीत, त्यांना आणावं लागलं. पण बाजारामागे माथाडी कामगार आले. सातारा, सांगली, जुन्नर, खेडकडची ही माणसं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला होता. त्यामुळे या कामगारांना स्वतःचं माथाडी बोर्ड, भविष्यनिर्वाह निधी आणि घरासाठी संघटित मागणी करण्याची ताकद मिळाली होती. कोपरखैरणे, घणसोलीतल्या माथाडी वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. नवी मुंबईत आज जी गावाकडच्या मराठीची चव आहे, यात्रेच्या वर्गण्या आहेत, शुक्रवारी रात्री सुटणाऱ्या गावच्या गाड्या आहेत, त्यात या वसाहतींचा वाटा मोठा आहे. जोडशहराच्या आराखड्यातल्या ‘कामाची ठिकाणं इकडे आणा’ या वाक्याला खऱ्या अर्थाने जागलं ते तुर्भ्याचं मार्केट.

एक सोय अशी आहे की ती सोय आहे हेच फार कुणाला माहीत नसतं. वाशी, सानपाडा, बेलापूरचा बराच भाग खाजणात आणि मिठागरांच्या पातळीवर आहे. मोठ्या भरतीची पातळी याहून वर जाते. सगळी जमीन भराव टाकून उंच करणं परवडणारं नव्हतं, म्हणून डच पद्धतीने खाडीकाठी धारण तलाव खोदले. भरती आली की पाण्याच्या दाबाने तलावांची दारं बंद होतात आणि शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की दारं उघडून ते खाडीत जातं. मुसळधार पावसातही सेक्टर बऱ्यापैकी कोरडे राहतात ते यामुळे. आता या तलावांत गाळ साचला आहे आणि त्यावर कांदळवन उगवलं आहे. कांदळवनाला हात लावायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे, त्यामुळे गाळ काढायचं काम वर्षानुवर्षं अडकतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण हा प्रश्न सोडवायला आपण एखाद्या २६ जुलैची वाट बघू नये.

या सगळ्याला जमीन कुणी दिली, ते सांगितल्याशिवाय ही पार्श्वभूमी पुरी होत नाही. भात पिकवणारे आगरी, खाडीत जाळं टाकणारे कोळी, मिठागरांवर राबणारी कुटुंबं यांची ही जमीन. मोबदला अत्यंत तुटपुंजा होता. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा. भूसंपादन करताना मूळ मालकाला शहराच्या वाढत्या किमतीत वाटा मिळावा, हे तत्त्व इथे रक्त सांडून मान्य झालं. त्याच दि. बा. पाटलांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्यावं म्हणून २४ जून २०२१ रोजी हजारो लोक बेलापूरला जमले, त्यामागे ही आठवण होती.

भूखंड मात्र अनेकांना उशिरा मिळाले, काहींना मिळालेच नाहीत. तोवर घरातली मुलं मोठी झाली, लग्नं झाली. गावठाणाची हद्द होती तेवढीच राहिली, म्हणून लोकांनी हद्दीबाहेर, स्वतःच्याच पूर्वीच्या शेतात घरं बांधली. सरकारी भाषेत ती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ झाली. ती नियमित करण्याचे निर्णय एकामागून एक निघाले, तरी मालकीचा घोळ सुटलेला नाही. कागद नीट नाही म्हणून पुनर्विकास नाही, पुनर्विकास नाही म्हणून रस्ता रुंद होत नाही. सेक्टरात मैदान, बाग, बाजार यांची जागा आराखड्यातच धरली होती. शेजारच्या गावासाठी तशी जागा धरलीच नव्हती.

आणि शेवटी पाणी. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला तेव्हा शहर एमआयडीसी आणि जीवन प्राधिकरणाच्या पाण्यावर होतं. २००२ मध्ये महापालिकेने खालापूर तालुक्यातलं, धावरी नदीवरचं मोरबे धरण विकत घेतलं. दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे आणि शुद्धीकरण भोकरपाड्याला होतं. स्वतःचं एवढं मोठं धरण असलेल्या महापालिका राज्यात मोजक्याच आहेत. माथेरानच्या डोंगरउतारावर पाऊस झाला की वाशी-नेरूळकर निर्धास्त होतात. माझ्या दृष्टीने या महापालिकेने घेतलेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी मात्र अजून मिटलेल्या नाहीत.

मोरबेच्या आधाराची हद्द मुख्यतः बेलापूरला संपते. पलीकडे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल. तीच सिडको, तसेच सेक्टर, पण २०१६ पासून हा भाग पनवेल महापालिकेत आहे. जुन्या पनवेलचं देहरंग धरण लहान आहे. बाकीचे नोड हेटवणे धरण, पाताळगंगा नदी आणि इतरांच्या वाहिन्यांवर अवलंबून आहेत. सिडकोने पैसा घातलेलं पेण तालुक्यातलं बाळगंगा धरण पुनर्वसनाच्या प्रश्नात अडकून पडलं आहे. उन्हाळ्यात खारघरच्या नव्या टॉवरखाली टँकर उभे दिसतात ते यामुळे. बेलापूरची टेकडी ओलांडून तिकडे घर बघायला जाणाऱ्याने स्टेशन किती लांब हे विचारण्याआधी, सोसायटीत पाणी कुठल्या धरणाचं आणि दिवसातून किती वेळ येतं, हे तिथल्या रहिवाशांना विचारावं.