ध्वनीपेक्षा वेगवान मोटार : खरी अडचण गाडीच्या पोटाखाली

‘ताशी 1600 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार तयार!’ अशी पोस्ट अधूनमधून फिरत असते. फोटोतली गाडी खरी असते, आकडा खरा नसतो. ती ब्लडहाउंड. 1600 हे तिचं उद्दिष्ट होतं. नोव्हेंबर 2019मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हाक्सकीन पॅन या कोरड्या तळ्याच्या मैदानावर तिने ताशी 1010 किलोमीटरपर्यंत मजल मारली आणि मग पैशांअभावी गाडं अडलं. जमिनीवरच्या वेगाचा विक्रम आजही 1997चाच आहे.

15 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकेत नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात ब्रिटिश वैमानिक अँडी ग्रीन यांनी थ्रस्ट एसएससी ही गाडी ताशी 1228 किलोमीटरने पळवली. नियम असा, की तासाभरात दोन्ही दिशांनी धावायचं आणि सरासरी धरायची. म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फुकटचा फायदा मिळत नाही. ही सरासरी ध्वनीच्या वेगाच्या 1.016 पट भरली. मात्र हवेतला ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. हे आकडे पाहता तेव्हा हवा सुमारे 7 अंशांवर असावी. 35 अंशांच्या दुपारी ध्वनीच ताशी 1267 किलोमीटरने धावतो. म्हणजे तोच वेग, तीच गाडी, आणि तरीही ध्वनीच्या मागे!

बरं, फँटम लढाऊ विमानांत वापरलेल्या जातीची दोन रोल्स-रॉइस स्पे जेट इंजिनं बसवली की झालं का? नाही. विमानाच्या खाली मोकळं आकाश असतं, गाडीच्या खाली जमीन असते. मला या साऱ्या खटाटोपात सर्वांत सुरस वाटते ती ही फट.

गाडीचं पोट आणि जमीन यांच्यामधून हवा चिंचोळ्या जागेत शिरते. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो, दाब घटतो. इथवर शाळेतला बर्नुलीचा नियम पुरतो. त्यामुळे गाडी अजून ध्वनीच्या वेगाखाली असतानाच फटीतली हवा तो वेग गाठू शकते. इथून पुढे नियम उलटा होतो: ध्वनीपेक्षा वेगवान हवेला वाट रुंद मिळाली तर ती मंदावत नाही, आणखी वेग घेते. मागचा दाब तिला कुठेतरी अडवतोच, आणि तिथे शॉक वेव्ह तयार होते. केसाच्याही जाडीहून कितीतरी पातळ पडदा. त्याच्या अलीकडे दाब कमी, पलीकडे एकदम जास्त. गाडीचा वेग वाढला की हा पडदा मागे सरकतो आणि गाडीला वर उचलणारा किंवा खाली ओढणारा जोर पुढून मागे हलतो. विक्रमाच्या वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे साडेसहा टनांच्या भारासारखा असतो. पोटाखालच्या दहा चौरस मीटरवर त्याचा दहावा हिस्सा जरी इकडचा तिकडे झाला तरी साडेसहा टनांचा फरक. गाडीचं वजनच मुळी दहा टनांच्या आसपास!

म्हणून सगळा खेळ नाकाच्या कोनाचा. नाक जरा वर झालं की गाडी उडणार, जरा खाली गेलं की जमिनीत घुसणार. थ्रस्ट एसएससीत संगणकाच्या हुकमाने हलणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन हा कोन अंशाच्या अंशाने सांभाळत होतं.

वेगाचे विक्रम करणारे ब्रिटिश डोनाल्ड कॅम्बेल यांची ब्लूबर्ड ही वेगवान नौका 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन सरोवरावर उलटली, ती नाक मर्यादेपलीकडे उचललं गेल्यामुळे. आदल्या रात्री त्यांच्या हाती पत्त्यांत इस्पिकची राणी आणि एक्का आला होता आणि तो अपशकुनच होता, ही गोष्ट मात्र अजून चवीने सांगितली जाते. पत्त्यांना बिचाऱ्यांना वायुगतिकी, म्हणजे वाहत्या हवेचं शास्त्र, कुठून कळणार?

ती कळत होती थ्रस्ट एसएससीचे वायुगतिकीतज्ज्ञ रॉन एअर्स यांना. त्यांनी पूर्वी क्षेपणास्त्रांवर काम केलं होतं. अशा गाडीची चाचणी साध्या वातबोगद्यात (जिथे गाडी स्थिर ठेवून तिच्यावर वारा सोडतात) नीट होत नाही, कारण तिथे जमीनही त्याच वेगाने मागे पळायला हवी. म्हणून त्यांनी संगणकावर प्रवाहाचं गणित मांडलं आणि शिवाय वेल्समधल्या पेंडाइन इथे रॉकेटच्या घसरगाडीवर छोटी प्रतिकृती ध्वनीपेक्षा वेगाने पळवली. दोन्हींतली उत्तरं जुळली, तेव्हाच पुढचं पाऊल पडलं.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेत आणता येत नव्हती : वाळवंटाची माती. रबरी टायर या वेगाला तग धरत नाहीत, म्हणून चाकं भरीव ॲल्युमिनियमची. त्यांची पकड सगळी सुकलेल्या चिखलाच्या कवचावर. शॉक वेव्ह जमिनीवर आदळली की ते कवच भुगा होतं, उडालेली धूळ गाडीला मागे खेचते. त्यात दोन्ही बाजूंच्या इंजिनांमुळे पुढची चाकं वळवायला जागा नव्हती. गाडी वळायची ती मागच्या चाकांवर. ग्रीन यांना सरळ रेषेत राहण्यासाठी स्टिअरिंग चांगलंच फिरवून धरावं लागे, आणि तरीही गाडी आखलेली रेषा सोडून बाजूला सरके.