आता तू मेला, हालू नको!

दिवाळी झाली, धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं सुरू होतात, वडशा गावच्या नाटक कंपन्यांची, रात्रभर चालणारी. आणि दुसऱ्या दिवशी तेच नाटक आमच्या सपरीत, म्हणजे पडवीत व्हायचं. वाकळेचा पडदा, टॉर्चचा माईक, मी नायिका, आणि लहान भाऊ उरलेलं सगळं म्हणजे खलनायक, घोडा आणि शेवटी प्रेत.

"तू मेला आता, हालू नको बे!"
"दरवेळेस मीच काऊन मरू?"

अर्धा वेळ या भांडणातच जायचा आणि माय ओरडायची. पण आता वाटतं, खेळातलं सगळ्यात मोलाचं तेच होतं. कारण वाकळ दोघांना दिसते, पण तिच्यामागचा राजवाडा फक्त माझ्या डोक्यात असतो, तो भावाला सांगितल्याशिवाय, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते विचारल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. कबड्डीत धाकटं म्हणजे कच्चं लिंबू, इथं मात्र ते रुसलं की नाटक बंद, त्यामुळे त्याचं मन ओळखावंच लागतं.

ज्युडी डन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी घरोघरी जाऊन दोन वर्षांच्या मुलांचे खेळ बघितले. 1984 च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की आईसोबत खेळताना आई बहुतेक बाजूला बसून सुचवते, कौतुक करते, पण मोठं भावंड स्वतः भूमिकेत उतरतं आणि लहान्यालाही उतरवतं. पुढे 1995 च्या अभ्यासात पावणेतीन वर्षांची जी मुलं असे खोटंखोटं खेळ जास्त खेळायची, ती सात महिन्यांनी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यातही पुढे दिसली.

आता खेळामुळे समज वाढली की समजदार पोरंच जास्त खेळतात, हे यातून ठरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तोवरचं संशोधन तपासून हेच बजावलं होतं, आणि मला ते पटतं, खेळाबद्दल प्रेम आहे म्हणून पुराव्यापेक्षा जास्त बोलू नये.

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीनं 1933 च्या व्याख्यानात दिलंय. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी, आणि खेळ कोणता, तर "बहिणी-बहिणी". एरवी आपण बहिणी आहोत हे त्यांच्या लक्षातही नसायचं, पण खेळात त्या सारखे कपडे घालायच्या, हात धरून चालायच्या, बहिणीनं कसं वागायचं तो नियम जाणूनबुजून पाळायच्या.

आमच्या सपरीतही शेवटी तोडगा निघाला होता. भाऊ मरायला तयार झाला, पण आधी एक गाणं म्हणणार, झाडीपट्टीच्या नाटकात गाणं तर लागतेच. मग तो इतका वेळ गायचा की मी पदर डोळ्याला लावून रडायला थांबलेली असायची, आणि मध्येच डोळा उघडून तो हळूच विचारायचा, "बाई, आता मरू काय?"