सब्र, तवक्कुल आणि सर्गहून मागे फिरलेली वाट : एक पार्श्वभूमी

‘जरा सबुरीने घ्या’ असे म्हणताना आपण समोरच्याला थांबायला सांगत असतो. ही सबुरी ज्या अरबी ‘सब्र’पासून मराठीत आली, त्याच्या मुळाशी मात्र थांबण्याचा नव्हे, रोखून धरण्याचा आणि बांधून ठेवण्याचा अर्थ आहे, जुन्या अरबीत जनावराला खुंटीला बांधून त्याच्यावर नेम धरण्याच्या क्रूर प्रकारालाही याच धातूचे रूप वापरले जाई. सब्र करणारा माणूस म्हणजे हातावर हात ठेवून बसलेला माणूस नव्हे, तर दुःखाच्या भरात स्वतःची जीभ, हात आणि मन आवरून धरणारा माणूस. त्याचा जोडशब्द ‘तवक्कुल’ वरवर अनोळखी वाटतो, पण आपला रोजचा ‘वकील’ त्याच धातूतून आलेला आहे. आपले काम भरवशाच्या हाती सोपवणे हा तवक्कुलचा शब्दार्थ झाला. वकिलाकडे काम सोपवल्यावर पक्षकाराने स्वतः काय करायचे उरते, या एका प्रश्नाभोवती इस्लामी विचारात पुढची तेरा-चौदा शतके वाद होत राहिला.

कुराणात सब्र आणि त्याची रूपे शंभराहून अधिक वेळा येतात. पैगंबर मुहंमदांना सोसावा लागलेला मक्केतला सामाजिक बहिष्कार आणि ६१९ च्या सुमारास त्यांच्या पत्नी व चुलते यांच्या पाठोपाठच्या मृत्यूमुळे ‘दुःखाचे वर्ष’ ठरलेला काळ वाचकांना परिचित असल्याने येथे त्याचा विस्तार करत नाही. भीती, भूक, मालमत्तेची, माणसांची आणि पिकांची हानी यांनी तुमची परीक्षा घेतली जाईल, असे सांगणाऱ्या आयती (कुराणातली वचने) मदिनेतील काळातल्या आहेत, आणि त्यांच्या थोडे आधी सब्र आणि नमाज यांचा आधार घेण्याची आज्ञा आहे. या सब्रात अश्रूंना मनाई नाही, हे मात्र पुन्हा सांगितले पाहिजे, कारण नंतरच्या उपदेशकांनी ते पुष्कळदा झाकून ठेवले. मुलगा हरवल्यावर ‘सुंदर सब्र’ असे म्हणणारे संदेष्टे याकूब पुढे रडून रडून दृष्टी गमावतात, आणि ‘माझे दुःख मी अल्लाहपाशीच मांडतो’ असे म्हणतात. म्हणजे गाऱ्हाणे आहे, फक्त ते कोणापुढे मांडायचे याचे भान आहे. संदेष्टे अय्यूब यांनाही ‘मला यातना होत आहेत’ असे म्हटल्यानंतरच कुराण सब्र करणारा ठरवते. तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले, आणि डोळे रडतात, हृदय कष्टी होते, पण जीभ रबला (पालनकर्त्याला) न आवडणारे काही बोलत नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार हदीसमध्ये (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) आहेत.

तवक्कुलविषयीची सर्वाधिक उद्धृत आयत ६२५ मधील उहुदच्या लढाईतल्या हानीनंतरची आहे, आणि तिच्यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी सल्लामसलत, मग निश्चय, आणि मग अल्लाहवर भरवसा. ‘उंट बांध आणि मग भरवसा ठेव’ ही हदीस प्रत्येकाच्या तोंडी आहेच. तिच्या शेजारची पक्ष्यांची हदीस मात्र दोन्ही बाजूंनी वापरली गेली. खरा भरवसा असेल तर पक्ष्यांसारखे तुम्हालाही अन्न मिळेल, असे ती सांगते. पण त्यातले पक्षी सकाळी उपाशीपोटी घरट्याबाहेर पडतात, हे एका पक्षाने ठळक केले आणि दुसऱ्याने सोयीने मागे ठेवले.

या साऱ्या वादाला पुढे ज्या एका निर्णयाने कायमचे वळण दिले, तो इसवी सन ६३९ मधला, म्हणजे हिजरी १८ चा आहे. दुसरे खलिफा उमर सैन्याच्या पाहणीसाठी शामकडे (आजच्या सीरियाच्या परिसराकडे) निघाले होते. हिजाज (मक्का-मदिनेचा प्रदेश) आणि शाम यांच्या सीमेवरच्या सर्ग या ठिकाणी सेनाधिकारी त्यांना सामोरे आले आणि त्यांनी पुढे साथ पसरल्याची खबर दिली. जेरुसलेमजवळच्या अम्वास गावाच्या नावाने ती साथ इतिहासात ओळखली जाते. खलिफांनी आधी मुहाजिरांना, म्हणजे मक्केहून मदिनेला स्थलांतर केलेल्यांना, बोलावले. त्यांच्यात मतभेद झाले. मग अन्सारांना, म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या मदिनेतल्या लोकांना, बोलावले, तेही तसेच विभागले गेले. शेवटी मक्का विजयाच्या सुमारास आलेल्या, मक्केच्या कुरैश टोळीतल्या ज्येष्ठांना विचारले, आणि त्या सर्वांनी एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला. सकाळी परतायचे, अशी दवंडी झाली.

यावर शामच्या सेनापतींनी, जे स्वतः अत्यंत आदरणीय सहाबी (पैगंबरांचे सोबती) होते, सरळ विचारले: अल्लाहच्या तकदीरीपासून पळ काढता? खलिफांना हा प्रश्न दुसऱ्या कोणाकडून आला असता तर चालला असता, पण या माणसाकडून तो येणे जिव्हारी लागले, असे त्यांच्या उत्तराच्या सुरुवातीवरून दिसते. पुढचे उत्तर प्रसिद्ध आहे: होय, अल्लाहच्या एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे. मग त्यांनी उंटांचा दाखला दिला. दरीच्या एका उतारावर हिरवळ आणि दुसऱ्यावर खडकाळ माळ असेल, तर उंट कुठेही चारले तरी ते तकदीरीनेच चारले जातील ना? या दाखल्याचे मर्म असे की, उपाय हा तकदीरीच्या बाहेरचा नसून तिचाच भाग आहे. आणि माझ्या मते इस्लामी विचारात या प्रश्नावर इतके थोडक्यात आणि इतके नेमके दुसरे काही म्हटले गेलेले नाही. एवढे झाल्यावर एक सहाबी आले, जे चर्चेच्या वेळी हजर नव्हते. साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून पळू नका, असे पैगंबरांकडून आपण ऐकल्याचे त्यांनी सांगितले. निर्णय आधी झाला आणि आधार नंतर मिळाला, ही गोष्ट नंतरच्या धर्मशास्त्रज्ञांना बरीच अवघड गेली.

खरा गुंता इथून सुरू होतो, कारण सेनापती परत आपल्या सैन्याकडे गेले. खलिफांनी काम आहे असे कळवून त्यांना बोलावून घेण्याचा प्रयत्न केला. आपल्याला साथीतून वाचवण्याचा त्यामागचा हेतू ओळखून त्यांनी सैन्याला सोडून येण्यास नम्रपणे नकार दिला आणि त्याच साथीत ते गेले. त्यांच्या जागी आलेले दुसरे सहाबीही गेले. नंतरच्या अधिकाऱ्याने लोकांना डोंगरांत विखरून राहायला सांगितल्याच्या कथा आहेत. परंपरेने मृतांचा आकडा पंचवीस हजार दिला जातो. आता यातला सब्र कोणाचा? साथीच्या गावात सब्र धरून, अल्लाहने लिहिले तेवढेच वाट्याला येईल या जाणिवेने राहणाऱ्याला शहीदाचे पुण्य आहे, असे सांगणारी हदीस आहे, आणि तिच्यात शब्द सब्रचाच आहे. म्हणजे राहणारा सब्र करत होता, आणि मागे फिरणारा तवक्कुलपासून ढळला नव्हता. पुढच्या पिढ्यांनी या दोघांपैकी एकालाच आदर्श मानण्याचा हट्ट धरला, आणि वाद त्यातून वाढला.

नवव्या शतकात हा वाद साथीकडून भाकरीकडे वळला. कमाई सोडून देणे हाच तवक्कुल, असे मानणारे काही सूफी खुरासान आणि बगदादमध्ये होते. बल्खच्या एका व्यापाऱ्याची कथा सांगतात की, पंख मोडलेल्या पक्ष्याला दुसरा पक्षी भरवताना पाहून त्याने व्यापार सोडला, तेव्हा त्याच्या मित्राने विचारले, तू भरवणारा पक्षी का होत नाहीस? फिकहच्या (इस्लामी धर्मकायद्याच्या) अभ्यासकांनी कमाई हे कर्तव्य ठरवणारे ग्रंथ त्याआधीच लिहायला घेतले होते. ११११ मध्ये वारलेल्या धर्मचिंतक गझालींनी या दोन टोकांना एकत्र बांधले. समोर अन्न असताना हात न पुढे करता घास आपोआप तोंडात येण्याची वाट पाहणे हे वेड आहे, तवक्कुल नव्हे, असे ते लिहितात. भरवशाच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या: पक्षकाराचा वकिलावर, तान्ह्याचा आईवर, आणि प्रेताचा आंघोळ घालणाऱ्याच्या हातांवर. पहिल्या पायरीच्या स्पष्टीकरणात एक बारीक तपशील आहे. वकील कागदपत्रांच्या आधारेच बाजू मांडतो हे पक्षकाराला ठाऊक असेल, तर दस्तऐवज घेऊन हजर राहणे हा त्याच्या भरवशाचाच भाग ठरतो. प्रेताचे उदाहरण मात्र लोकांना अधिक आवडले आणि दस्तऐवजाचे मागे पडले.

१३४८च्या महामारीनंतर ग्रानाडाच्या एका वजिराने संसर्ग अनुभवाने सिद्ध होतो आणि हदीसचा अर्थ त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो, असे धाडसाने लिहिले. १४३० मध्ये कैरोत लोकांनी तीन दिवस उपवास करून शहराबाहेर सामूहिक प्रार्थना केली. त्याआधी दिवसाला चाळिसाहूनही कमी माणसे मरत होती आणि तो महिना संपायच्या आत हा आकडा हजारावर गेला, अशी नोंद त्या काळच्या एका थोर हदीसतज्ज्ञाने करून ठेवली. त्यांच्या स्वतःच्या मुली प्लेगने गेल्या होत्या. तरी त्यांनी यावरून संसर्ग मान्य केला नाही. साथ हटवण्यासाठी असे जमण्याला पूर्वाधार नाही, एवढाच निष्कर्ष काढला.

एकोणिसाव्या शतकात या चर्चेत राज्यसंस्था उतरली. १८३८ मध्ये उस्मानी (ऑटोमन) राजधानीत विलगीकरणाची व्यवस्था सुरू झाली तेव्हा त्यासाठी धर्माधिकाऱ्यांची संमती घेण्यात आली, आणि तिला विरोध करणाऱ्यांनी हा तकदीरीत हस्तक्षेप असल्याचे म्हटले. १८८४ मध्ये पॅरिसहून निघणाऱ्या एका अरबी नियतकालिकाने मुस्लिमांचे मागासलेपण तकदीरीवरच्या श्रद्धेत आहे, या युरोपीय टीकेला उत्तर दिले: श्रद्धा निष्क्रियता शिकवत नाही, शौर्य शिकवते. उत्तर जोरकस होते, पण बचावात्मक होते. सब्र म्हणजे सत्ताधाऱ्याचा अन्याय मुकाट सोसणे, असा अर्थ पिढ्यानुपिढ्या शिकवला गेला होता, याची झाडाझडती त्यात पुरेशी नव्हती.

मार्च २०२० मध्ये सर्गचा प्रसंग पुन्हा सर्वतोमुखी झाला. उमरा (वर्षात केव्हाही करता येणारी मक्केची यात्रा) थांबली, त्या वर्षीचा हज सौदी अरेबियात आधीपासून राहणाऱ्या मोजक्या लोकांपुरता झाला आणि पुढच्या वर्षी मर्यादा साठ हजारांची होती. मशिदी बंद करणे म्हणजे तवक्कुल सोडणे, असे म्हणणारे होतेच. कुवेतमध्ये मुअज्जिनने (अजान देणाऱ्याने) अजानमध्ये ‘नमाजकडे या’ऐवजी ‘घरीच नमाज पढा’ असे शब्द म्हटले, तेव्हा अनेकांना ते नवे वाटले. खरे तर पावसाच्या आणि चिखलाच्या दिवशी पैगंबरांच्या एका चुलतभावाने मुअज्जिनला हेच शब्द म्हणायला सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. ऐकणाऱ्यांच्या कपाळावर तेव्हाही आठ्या पडल्या होत्या, आणि माझ्याहून श्रेष्ठ असलेल्याने हे केले आहे, एवढेच त्या चुलतभावाने उत्तर दिले होते.