लाल श्याम शाह

गोंड आदिवासी नेते, पानाबारसचे जमीनदार आणि चांदा (आताचे चंद्रपूर) मतदारसंघाचे अपक्ष खासदार (१९६२–६४). पूर्व विदर्भात ते ‘श्यामशाह महाराज’ म्हणून ओळखले जात. पानाबारस आज छत्तीसगडच्या मोहला-मानपूर भागात आहे. इंग्रज अमलात मात्र ही जमीनदारी काही काळ चांदा जिल्ह्यातच होती. पुढे सीमा बदलल्या, तरी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची, कुरखेडा, धानोऱ्याकडच्या गोंडांची सोयरीक आणि देवकार्ये सीमेच्या दोन्ही अंगांना चालूच राहिली. चांद्याच्या मतदारांना महाराज परके नव्हते ते यामुळेच.

जमीनदारी-मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि जंगल सरकारजमा झाले. गावाकडे उरले ते निस्तार हक्क, म्हणजे घरापुरते सरपण, बांबू, गवत नेण्याची मुभा. कागदावर हे बरे दिसते. प्रत्यक्षात नांगराच्या एका लाकडासाठीही नाकेदाराची (वनरक्षकाची) मर्जी सांभाळावी लागे. महाराजांचे सगळे राजकारण या एका प्रश्नाभोवती उभे राहिले. स्वतः जमीनदार घराण्यातले असूनही त्यांनी जंगलावर हक्क मागितला तो तिथे राहणाऱ्यांसाठी, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्यात वसवण्यासाठी १९५८ पासून जंगल तोडले जात होते. निर्वासितांचे हाल खरेच होते, पण त्यांच्यासाठी जमीन द्यायची कोणी, हे आदिवासींना कोणी विचारले नाही. १९६४ मध्ये याच्या निषेधार्थ महाराजांनी लोकसभेचा राजीनामा दिला. मुदत निम्मीही झाली नव्हती. आदिवासी प्रश्नावर खासदारकी सोडण्याची अशी उदाहरणे विरळा. मराठीत या राजीनाम्याची दखल फार थोडी घेतली गेली, ही खेदाची बाब आहे.

दोन दशकांनी ते पुन्हा पुढे आले. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणे योजली होती; त्यांत सिरोंचा, भामरागड भागातली माडिया-गोंडांची गावे आणि घनदाट जंगल बुडणार होते. १९८४ मध्ये बाबा आमटे आणि श्यामशाह महाराज यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाओ मानव बचाओ’ आंदोलन उभे राहिले. ही धरणे झाली नाहीत.

आंदोलनातली जाग गावांत टिकली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचे राज्य) ही घोषणा प्रत्यक्षात आणली. या गावाचे देवाजी तोफा याच आंदोलनात घडले. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागे, आणि पासबुक वनखात्याच्या कपाटात! २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ते पासबुक मेंढ्यात येऊन ग्रामसभेला दिले. त्यानंतर बांबूचे पास ग्रामसभा स्वतःच्या सहीने देऊ लागली.