स्पेशालिटी कॉफी सहकारी संस्था

लहान कॉफी उत्पादकांची फळे एकत्र करून, सामायिक केंद्रावर त्यांची प्रक्रिया करून, चवीला दाम मोजणाऱ्या रोस्टरांना, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्यांना, थेट विकणारी सभासदांची संस्था. प्रशिक्षित चवपारख्यांनी 100 पैकी किमान 80 गुण दिले, तरच कॉफी 'स्पेशालिटी' ठरते.

अडचण आधी वजनाची असते. निर्यातीच्या 20 फुटी कंटेनरात 60 किलोची सुमारे 320 पोती बसतात आणि किलोभर कच्च्या बियांसाठी पाच-सहा किलो फळे लागतात. हेक्टरभर बाग असलेल्याने एकट्याने कंटेनर भरणे अशक्यच. शिवाय तोडलेले फळ त्याच दिवशी सोलले नाही तर सालीतच आंबू लागते.

त्यामुळे संस्थेचा खरा जीव धुलाई केंद्रात असतो, परदेशी खरेदीदाराशी होणारी बोलणी नंतरची. टोपलीतली फळे पाण्यात ओततात. पोचट फळे तरंगतात, ती काढून टाकतात. हिरवट फळे हाताने वेचतात, मगच उरलेला माल काट्यावर चढतो. गर काढून आंबवलेल्या, धुतलेल्या बिया जाळीच्या मचाणांवर पसरून ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर येईपर्यंत हलवत राहतात. प्रत्येक दिवसाची तोड वेगळा लॉट म्हणून ठेवली तरच चांगला लॉट पुढे ओळखता येतो.

1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील, देशोदेशीच्या निर्यातीवर मर्यादा घालणारी कोटापद्धत कोलमडली, भाव गडगडले आणि गुणवत्तेच्या वाटेला महत्त्व आले. इथिओपियात 1999 मध्ये ओरोमिया प्रांतातील कॉफी सहकारी संस्थांचा महासंघ स्थापन झाला. तिथे 2008 मध्ये सुरू झालेल्या कमोडिटी एक्स्चेंजवर, म्हणजे शेतमालाच्या केंद्रीय बाजारात, बहुतेक कॉफी प्रतवारीनुसार एकत्र होऊन विकली जाऊ लागली आणि बागेची ओळख पुसली गेली. सहकारी महासंघांना मात्र थेट निर्यातीची मुभा राहिली. रवांडातील माराबा येथील संस्थाही 1999 चीच. 1994 च्या वंशसंहारानंतर उभी राहिलेली.

दुखणे पैशाच्या वेळेचे आहे. फळे घालताना पहिला हप्ता, निर्यातीनंतर काही महिन्यांनी दुसरा. खासगी व्यापारी दारात रोख मोजतो. हंगामापूर्वी कर्ज मिळाले नाही, तर पहिला हप्ताही रखडतो. बाजार चढला की सभासदच माल बाहेर घालतात आणि ठरल्या भावाचा करार संस्थेच्या गळ्यात येतो. याला बेइमानी म्हणणे सोपे आहे. शाळेची फी मात्र दुसऱ्या हप्त्याची वाट पाहत नाही. त्यातून सगळाच माल 80 गुणांपर्यंत पोहोचत नाही. उरलेला नेहमीच्या बाजारभावानेच विकावा लागतो.