सोडचिठ्ठी ते म्युच्युअल: घटस्फोटातले नेहमीचे प्रश्न आले कुठून?

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात येणाऱ्यांचे प्रश्न फारसे बदलत नाहीत. दोघांच्या सह्या घेऊन स्टॅम्पपेपरवर नोटरी केली, तर झाला ना घटस्फोट? ती नांदायला येत नाही, नोटीस काढू का? तो तयारच नाही, मग मी किती वर्षं थांबायचं? वकील उत्तर देतात. पण ते उत्तर तसंच का, हे विचारायला तारखांच्या धावपळीत कुणाला सवड नसते.

स्टॅम्पपेपरचा प्रश्न सगळ्यांत जुना. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. जातीच्या पंचांसमोर मोकळीक मिळे आणि बाईला पाट लावता, म्हणजे दुसरं लग्न करता येई. वाट बंद होती ती मुख्यतः वरच्या जातींतल्या बाईची. तिथल्या पुरुषाचं काही अडत नव्हतं, तो दुसरी बायको करू शकत होता. मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदूंमधल्या बहुपत्नीत्वावर बंदी घातली आणि 1947 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. देशभराचा हिंदू विवाह कायदा 1955 चा, म्हणजे पुण्यातल्या बाईला हा हक्क त्याआधीच मिळाला होता. हिंदू कोड बिलावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी तेच दाखवून दिलं होतं, की बहुसंख्य हिंदूंमध्ये घटस्फोट रूढीने आहेच. 1955 च्या कायद्यानेही कलम 29 मध्ये ही रूढी राखून ठेवली.

नोटरीवाल्या फारकतीचा गैरसमज इथूनच येतो. कायदा रूढी मानतो, पण ती त्या समाजात जुनी, सलग आणि मान्य आहे, हे सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने ते सिद्ध होत नाही. रूढी सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम राहतं आणि त्या कागदाच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न अवैध ठरतं. त्याची किंमत बहुधा दुसऱ्या बायकोला मोजावी लागते, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

‘नांदायला ये’ ही नोटीस मात्र आपल्या रूढीतली नाही. नांदण्यासाठी कोर्टात दावा लावायची कल्पना इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आली. रखमाबाईंचा खटला याच दाव्याचा. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, जायला त्यांनी नकार दिला. 1885 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुण्यात टिळक त्यांच्या विरोधात उभे राहिले. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, पुढे रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. इंग्लंडने हा दावा 1970 मध्ये रद्द केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 म्हणून अजून आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो वैध ठरवला. आज या हुकुमाने कुणाला हाताला धरून नेता येत नाही. पण हुकूम होऊनही वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर त्याच आधारावर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. नांदण्यासाठी केलेला दावा मोडण्याची पायरी होतो. मला विचाराल तर हे कलम जायला हवं.

‘क्रूरता सिद्ध कशी करायची?’ या प्रश्नाच्या इतिहासात पुणंच मध्यभागी आहे. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला इथल्या कोर्टात सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयात 1975 मध्ये संपला. निकाल लिहिला न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी, तेही मूळचे पुण्याचेच. त्या काळी क्रूरतेवर घटस्फोट मिळत नसे, फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा हुकूम मिळे. न्यायालयाने म्हटलं, की लग्नाचा दावा फौजदारी खटला नव्हे. इथे संशयाला जागा न उरेल इतका पुरावा लागत नाही, कोणती बाजू जास्त संभवनीय आहे ते पाहायचं. समोर आदर्श नवरा-बायको नाहीत, ही दोन विशिष्ट माणसं आहेत, हेही बजावलं. त्या पतीला मात्र विभक्तता मिळाली नाही. पत्नीची वागणूक क्रूर ठरली, पण त्यानंतरही सहवास चालू राहिल्यामुळे त्याने ती माफ केली, असं न्यायालयाने मानलं. भांडणानंतर पुन्हा एकत्र राहिलो तर केस कमजोर होते का, ही भीती आजही पक्षकारांना असते. तिचं मूळ या निकालात सापडतं.

लगेच 1976 मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. क्रूरता आणि परित्याग (जोडीदाराला सोडून जाणं) ही घटस्फोटाची कारणं झाली आणि परस्परसंमतीचं कलम 13-ब आलं, ज्याला आपण ‘म्युच्युअल’ म्हणतो. त्यातली सहा महिन्यांची मुदत दोघांनी पुन्हा विचार करावा म्हणून ठेवलेली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की समेटाची आशाच नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा असे वाद मिटले असतील, तर कोर्ट ती माफ करू शकतं. स्वतंत्र कौटुंबिक न्यायालयांचा कायदा 1984 चा, पुण्यात ते 1989 मध्ये सुरू झालं. आधी समुपदेशकाकडे का पाठवतात, याचं उत्तर त्या कायद्यात आहे: भांडण लढवण्याआधी मिटवून पाहायचं.

मुस्लिम स्त्रीसाठी 1939 चा विवाहविच्छेद कायदा होता, पण तोंडी तलाकची टांगती तलवार तशीच राहिली. समाजसुधारक हमीद दलवाईंनी 1966 मध्ये सात मुस्लिम स्त्रियांसह मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला आणि 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो 2017 मध्ये.

पोटगीबद्दल थोडक्यात. फौजदारी प्रक्रिया संहितेतली महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा केंद्राने 2001 मध्ये काढली. दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हे 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून बंधनकारक आहे. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे त्यातच ठरलं. सासर नागपूरला आणि माहेर पुण्यात असेल, तर बायकोला घटस्फोटाचा अर्जही पुण्यात करता येतो, ही सोय 2003 च्या दुरुस्तीची.

उरतो शेवटचा प्रश्न: तो तयारच नसेल तर? लग्न पुरतं मोडलंय, एवढं कारण पुरेसं मानावं, अशी शिफारस विधी आयोगाने 1978 मध्येच केली होती. तसं विधेयक राज्यसभेत 2013 मध्ये मंजूरही झालं, पण लोकसभेत अडकून बारगळलं. 2023 मध्ये घटनापीठाने सांगितलं, की राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली सर्वोच्च न्यायालय या कारणावर घटस्फोट देऊ शकतं. पण तो अधिकार फक्त त्याच न्यायालयाचा. शिवाजीनगरच्या न्यायाधीशांना समोरचं लग्न संपलेलं दिसत असलं, तरी एकाची संमती नसेल तर क्रूरता, परित्याग असं कायद्यातलं काहीतरी कारण सिद्ध झाल्याशिवाय ते मोडता येत नाही. म्हणून एकतर्फी अर्ज आरोपांनी भरतात आणि वर्षानुवर्षं चालतात. हे बदलण्याचं काम संसदेचं आहे.